वाहन-विचारणा : चढावर बंद पडणारी गाडी आणि क्रँक सेन्सर

पावसाळा उलटून भातकापणी सुरू झाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषयही बदलतो. पावसात वायपर, ब्रेक आणि गळक्या दारांची तक्रार असते. आता मात्र मीटरवर पेटणाऱ्या इंजिनाच्या पिवळ्या चित्राने सगळ्यांना घेरलेले दिसते. यंदा आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे सेन्सरसंबंधी आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण त्यात विचारलेले काम घरी होण्यासारखे आहे, आणि घाईने केल्यास पैसे वाया जाण्यासारखेही आहे.

प्रश्न : आमची २०१५ सालची पेट्रोलवरची लहान गाडी आहे. ती एक लाख दहा हजार किलोमीटर चालली आहे. गोव्याहून परतताना चोर्ला घाट चढून कणकुंबीच्या जवळपास आलो की इंजिन एकाएकी बंद पडते आणि पाऊण तास थांबल्यावर काही झालेच नाही अशा थाटात सुरू होते. गावात फिरवताना कधीच त्रास होत नाही. गॅरेजमध्ये स्कॅनर लावल्यावर पी ०३३५ हा कोड आला आणि क्रँक सेन्सर बदलावा लागेल असे सांगण्यात आले. माझ्याकडे गोटी पान्यांचा संच आणि मल्टिमीटर आहे. शेतीपंपाच्या मोटरची किरकोळ दुरुस्ती मी स्वतः करतो. हे काम घरी करता येईल का? (जांबोटी परिसरातील एक वाचक, ता. खानापूर)

उत्तर : करता येईल. मात्र सेन्सर विकत आणण्यापूर्वी दोष सेन्सरचाच आहे याची खात्री आपण करून घ्यावी. प्रत्यक्ष बदलण्याच्या कामापेक्षा या खात्रीलाच अधिक वेळ लागेल.

क्रँकशाफ्टबरोबर, म्हणजे पिस्टनांच्या हालचालीने फिरणाऱ्या इंजिनाच्या मुख्य दांड्याबरोबर, एक दातेरी चक्र फिरत असते. पुष्कळ गाड्यांत त्यावर साठ दात्यांची जागा असते आणि त्यांतले दोन दाते मुद्दाम गाळलेले असतात. सेन्सर या चक्राच्या अगदी जवळ, साधारण एक मिलिमीटर अंतरावर बसतो. समोरून दाते जाताना तो विजेचे स्पंद पाठवतो, आणि गाळलेल्या जागेवरून इंजिनाच्या संगणकाला पिस्टन कोठे आहे ते कळते. ठिणगी कधी द्यायची आणि पेट्रोल कधी सोडायचे हे त्यावर ठरते. हे स्पंद थांबले की इंजिन फिरतच नाही असे संगणक समजतो आणि ठिणगी, इंजेक्टर व पेट्रोलचा पंप हे तिन्ही बंद करतो. म्हणून सेन्सर गेलेली गाडी आचके देत देत मरत नाही. स्विच बंद केल्यासारखी गप्प होते. आपण ‘एकाएकी’ हा शब्द वापरला आहे, तो या निदानाशी जुळतो. पेट्रोल कमी पडत असते तर गाडी आधी ओढ सोडते आणि मग बंद पडते.

तापल्यावर बंद आणि निवल्यावर सुरू, हे कोडे आपल्यासारख्या मोटर उघडणाऱ्या माणसाला लवकर उलगडेल. दोन पिनांच्या सेन्सरमध्ये चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे वाइंडिंग असते. त्या तारेला कोठे सूक्ष्म तडा गेला असेल तर थंड असताना दोन्ही टोके एकमेकांना टेकून राहतात आणि उष्णतेने प्रसरण झाले की सुटतात. मोटरचे वाइंडिंग असेच ‘गरम झाल्यावर ओपन’ (म्हणजे मार्ग तुटलेले) होताना आपण पाहिले असेल. घाट चढताना इंजिनावर भार असतो, गाडीचा वेग कमी असतो, बॉनेटखाली वारा खेळत नाही. त्यामुळे गावात कधीच न दिसणारा दोष नेमका चढाच्या शेवटी डोके वर काढतो.

आता कोडविषयी. पी ०३३५ याचा अर्थ ‘क्रँक सेन्सर खराब’ असा नाही. क्रँक सेन्सरच्या विद्युतमार्गात दोष आहे, एवढेच तो सांगतो. या मार्गात सेन्सर येतो, त्याचा कनेक्टर येतो, संगणकापर्यंत जाणाऱ्या तारा येतात आणि ते दातेरी चक्रही येते. कोड गल्ली दाखवतो, घर आपल्यालाच शोधावे लागते. काही वर्षांपूर्वी मी स्वतः माझ्या गाडीचा हाच सेन्सर बदलला, दिवा विझला म्हणून समाधानाने हात धुतले, आणि चौथ्या दिवशी दिवा पुन्हा हजर झाला. शोधता शोधता लक्षात आले की सेन्सरकडे जाणारी तार एका लोखंडी पट्टीवर घासून तिचे आवरण गेले होते आणि आतले तांबे चमकत होते. जुना सेन्सर ठणठणीत होता. तो पुन्हा कामाला यावा म्हणून मी जपून ठेवला आहे. त्या दिवशीचा उतावीळपणा आठवण्यासाठीही तो उपयोगी पडतो.

पहिली तपासणी गाडी बंद पडेल तेव्हाच करायची आहे. गाडी वळणावर न ठेवता शक्य तितकी कडेला घ्यावी, चारही दिवे लुकलुकते ठेवावेत, मागे त्रिकोणी फलक लावावा. मग सोबतच्या माणसाला स्टार्टर मारायला सांगून आपण आरपीएमच्या काट्याकडे पाहावे. स्टार्टर इंजिन फिरवत असताना काटा शून्यावर मेल्यासारखा पडून राहिला तर संगणकाला स्पंद मिळत नाहीत असा संशय बळावतो. काही गाड्यांचा काटा स्टार्टरच्या वेळी हलतच नाही. तेव्हा मोबाइलला जोडणारे, गाडीच्या संगणकातले कोड आणि आकडे दाखवणारे छोटे ओबीडी उपकरण अधिक भरवशाचे. भारतात १ एप्रिल २०१३ पासून भारत स्टेज ४ या प्रदूषण-मानकाच्या गाड्यांना ओबीडी-२ बंधनकारक झाले, त्यामुळे आपल्या गाडीत स्टीअरिंगखाली सोळा पिनांचे सॉकेट बहुधा असणार. स्टार्टर फिरत असताना त्या उपकरणावर दोनशेच्या आसपास आरपीएम दिसत असतील तर सेन्सरला दोष देऊ नये. मग पेट्रोलचा पंप, त्याचा रिले किंवा इग्निशन कॉइल तपासावी. चावी ‘ऑन’ केल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद येणारी पंपाची बारीक घरघर ऐकू येते का, हेही त्याच वेळी पाहावे.

दुसरी तपासणी मल्टिमीटरची. सेन्सरला दोन पिना असतील तर चावी काढून कनेक्टर सोडवावा आणि सेन्सरच्या दोन पिनांमधला रोध मोजावा. बहुतेक गाड्यांत तो काहीशे ते हजारभर ओम असतो; नेमका आकडा आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला धरावा. हीच मोजणी इंजिन तापून बंद पडल्याबरोबर पुन्हा करावी. थंड असताना आकडा आणि तापल्यावर ‘ओपन’ असे दिसले तर सेन्सर गेला, आणखी पुराव्याची गरज नाही. सेन्सर तीन पिनांचा असेल तर तो बहुधा हॉल पद्धतीचा, म्हणजे वाइंडिंगऐवजी इलेक्ट्रॉनिक चिप असलेला असतो; सर्व्हिस मॅन्युअलमध्ये खात्री करावी. हॉल सेन्सरचा रोध मोजून काहीच सिद्ध होत नाही. तेथे चावी ‘ऑन’ करून गाडीकडून येणाऱ्या कनेक्टरमध्ये पुरवठ्याचा दाब (गाडीनुसार पाच किंवा बारा व्होल्ट) आणि अर्थिंग मिळते का ते पाहावे. पुरवठाच नसेल तर नवा सेन्सरही आंधळाच राहणार.

कनेक्टर उघडलाच आहे तर दोन मिनिटे त्यात नीट डोकावून पाहावे. कणकुंबी-जांबोटी पट्ट्यातला पाऊस काय असतो हे आपल्याला सांगायला नको. त्या दमटपणाने पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर चढतो, आणि तो कॉन्टॅक्ट क्लीनरने धुतल्यावर पुष्कळदा दुखणे तेथेच संपते. दुसरे म्हणजे उंदीर. सुगी आटोपून शेते रिकामी झाली की ते गोठ्यात, खोपटात आणि उभ्या गाडीच्या उबदार बॉनेटखाली येतात. कुरतडलेली तार वरून शाबूत दिसते, म्हणून ती बोटांनी चाचपत सेन्सरपासून वरपर्यंत जावे.

दोष सेन्सरचाच ठरला तर पुढचे काम तासा-दीड तासाचे आहे. इंजिन पूर्ण थंड असावे, गाडी सपाट जागी असावी, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना दगड लावलेले असावेत, बॅटरीचे ऋण टोक सोडवलेले असावे. सेन्सर गाडीनुसार गिअरबॉक्सच्या बाजूला फ्लायव्हीलजवळ किंवा पुढे क्रँकच्या पुलीपाशी असतो. तो वरून हाताला लागत असेल तर उत्तम. खाली शिरावे लागत असेल तर गाडी फक्त जॅकवर ठेवून कधीही शिरू नये. लोखंडी स्टँड हवेतच. आपल्याकडे अंगणात जांभ्याचे चिरे सहज सापडतात आणि ते गाडीखाली रचण्याचा मोह होतो. जांभा घराच्या भिंतीला चांगला, पण गाडीचे वजन एका कडेवर आले की तो ठिसूळ दगड सूचना न देता फुटतो. चाकामागे चिरा चालेल, माणसाच्या छातीवर तोललेल्या गाडीखाली नाही.

सेन्सरभोवतीची धूळ व चिखल आधी ब्रशने साफ करावा, नाहीतर सेन्सर निघताच ती घाण आत पडते. कनेक्टरची खिट्टी दाबून तो काढावा. तारेला धरून ओढू नये. सेन्सर बहुधा एकाच बोल्टवर असतो आणि त्याला दहा नंबरची गोटी लागते. बोल्ट निघाल्यावरही सेन्सर हलत नसेल तर स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नये. थोडे गंज सोडवणारे तेल मारून पंधरा मिनिटे थांबावे आणि सेन्सर डावी-उजवीकडे फिरवत फिरवत वर घ्यावा. जोर केल्यास प्लास्टिकचे डोके हातात आणि धड आत, अशी गत होते. बाहेर आलेल्या सेन्सरचे टोक पाहावे. चुंबकाला चिकटलेली काळी, लोण्यासारखी मऊ लोहभुकटी सामान्य मानावी. तीच कधी कधी स्पंद बिघडवते, म्हणून पुसून घ्यावी. टोकावर ओरखडे असतील किंवा लोखंडाचे टोचणारे कण दिसले तर मात्र थांबावे, कारण दातेरी चक्र घासत असण्याची शक्यता आहे आणि ते काम अंगणातले नाही.

नवा सेन्सर जुन्याशेजारी ठेवून लांबी, बोल्टचे भोक आणि कनेक्टरचा आकार ताडून पाहावा. लांबीत थोडाही फरक असेल तर एक तर स्पंद मिळत नाहीत किंवा टोक चक्राला लागते. ओ-रिंगला (सेन्सरवरच्या गोल रबरी कडीला) इंजिन ऑइलचे बोट लावावे आणि सेन्सर हाताने दाबून पूर्ण बसवावा. बोल्ट आवळून तो खाली ओढू नये. त्यानंतर बोल्ट बेताने आवळावा. पुष्कळ गाड्यांत आठ ते दहा न्यूटन-मीटर एवढाच जोर सांगितलेला असतो, म्हणजे लहान रॅचेटला मनगटाचा जोर पुरतो, खांद्याचा नको. तार सायलेन्सरच्या पाइपाला किंवा पट्ट्याला लागणार नाही अशी मूळच्या क्लिपांतूनच न्यावी. काही गाड्यांना नवा सेन्सर स्कॅनरने ‘शिकवावा’ लागतो. आपल्या गाडीला ते लागते का हे पार्ट घेतानाच विचारावे.

पार्टबद्दल माझे मत स्पष्ट आहे : या सेन्सरच्या बाबतीत सर्वांत स्वस्त माल घेऊ नये. जुन्या सेन्सरवर छापलेला क्रमांक आणि गाडीचा चेसिस क्रमांक घेऊन बेळगावात किंवा कोल्हापुरात चौकशी करावी आणि ‘हाच बसतो’ या तोंडी आश्वासनापेक्षा क्रमांक जुळण्याला महत्त्व द्यावे. कोड पुसल्यावर गाडी अंगणात उभी ठेवून रेडिएटरचा पंखा दोन-तीनदा सुरू-बंद होईपर्यंत चालवावी. त्यानंतर चोर्ल्याऐवजी जवळच्या एखाद्या चढावर नेऊन पाहावे.

प्रश्न : सकाळी दोन-तीनदा सेल्फ मारल्याशिवाय गाडी सुरू होत नाही, सुरू झाल्यावर काळसर धूर येतो आणि चावी फिरवताच रेडिएटरचा पंखा फिरू लागतो. मोबाइलवरच्या उपकरणात कूलंटचे तापमान उणे ४० अंश दिसते. बेळगावात थंडी असते, पण इतकी? (टिळकवाडी, बेळगाव येथील एक वाचक)

उत्तर : तो आकडा हवामानाचा नाही, तुटलेल्या मार्गाचा आहे. कूलंटचा सेन्सर थंड असताना जास्त आणि तापल्यावर कमी रोध दाखवतो. पुष्कळ गाड्यांत वीस अंशांला दोन-अडीच हजार ओमच्या आसपास आणि ऐंशी अंशांला तीनशेच्या आसपास. तार तुटली की रोध अमर्याद होतो आणि संगणक त्याचा अर्थ ‘अतिशय थंड’ असा लावतो. मग तो पेट्रोल जास्त सोडतो, म्हणून धूर. आणि आकड्यावर विश्वास न उरल्याने खबरदारी म्हणून पंखा चालवतो.

सेन्सर दोन पिनांचा असेल तर एक सोपी परीक्षा आहे. कनेक्टर काढून गाडीकडच्या बाजूच्या दोन्ही पिना तारेच्या तुकड्याने क्षणभर जोडाव्यात आणि उपकरणावरचा आकडा पाहावा. उणे ४० वरून तो एकदम शंभराच्या वर उडाला तर वायरिंग ठीक असून सेन्सर गेला आहे. आकडा हललाच नाही तर तार शोधावी. काढलेला सेन्सर पातेल्यातल्या गरम पाण्यात टोकापुरता बुडवून मल्टिमीटरवर रोध उतरताना पाहणे ही स्वयंपाकघरातच होणारी तपासणी आहे. पातेले मात्र जुने घ्यावे.

बदलताना इंजिन थंड असल्याशिवाय रेडिएटरचे झाकण उघडू नये. सेन्सर काढताच कूलंट वाहू लागते, म्हणून नवा सेन्सर हाताशी ठेवून झटपट बसवावा आणि खाली घमेले ठेवावे. कूलंटची चव गोडसर असते आणि त्यातले ग्लायकॉल विषारी असते. कुत्री-मांजरे ते चाटतात, तेव्हा सांडलेले तसेच सोडू नये. शेवटी पातळी भरून, हीटर चालू ठेवून आतली हवा निघू द्यावी.

प्रश्न : पी ०४२० हा कोड आल्यामुळे सायलेन्सरवरचा मागचा ऑक्सिजन सेन्सर बदलला. महिन्याभरात दिवा पुन्हा लागला. अ‍ॅव्हरेजही कमी झाले आहे. दुसरा सेन्सर घ्यावा का? (निपाणी येथील एक वाचक)

उत्तर : घेऊ नये. हा कोड कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले घातक वायू कमी करणारा सायलेन्सरच्या मार्गातला भाग) नीट काम करीत नसल्याची नोंद आहे आणि मागचा सेन्सर त्या नोंदीचा साक्षीदार आहे. आपण साक्षीदार बदलला. नव्यानेही तीच साक्ष दिली. प्रथम सायलेन्सरच्या जोडात गळती आहे का ते थंड इंजिन सुरू करून कानाने आणि जोडाजवळ हाताला लागणाऱ्या फुंकरीने पाहावे, कारण गळतीतून आत ओढली जाणारी हवाही हा कोड आणते. नंतर दोन्ही सेन्सरचे व्होल्ट मोबाइलवर पाहावेत. नेहमीच्या झिर्कोनिया जातीचा पुढचा सेन्सर इंजिन तापल्यावर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान भराभर झुलत असावा आणि मागचा ०.६-०.७ च्या आसपास स्थिर असावा. मागचाही पुढच्यासारखा झुलत असेल तर कन्व्हर्टर थकला आहे. मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणे) किंवा ऑइल जाळणारे इंजिन हे त्याचे कारण असेल, तर ते दुरुस्त न करता नवा कन्व्हर्टर बसवणे म्हणजे दुसऱ्यांदा खर्च करणे होय. अ‍ॅव्हरेजवर परिणाम प्रामुख्याने पुढच्या सेन्सरचा होतो. तो मंदावला असेल तर बदलणे योग्य. तो काढण्यासाठी फट असलेली बावीस नंबरची गोटी लागते आणि इंजिन किंचित कोमट असताना आटे लवकर सुटतात. आट्यांना लावायचा लेप सेन्सरच्या टोकाला लागू देऊ नये, आणि जवळपास साधे सिलिकॉन सीलंट वापरू नये. त्याच्या वाफेने सेन्सर निकामी होतो.

प्रश्न : उसाच्या हंगामात धुळीच्या रस्त्याने रोज जावे लागते. डिझेल गाडीचा पिकअप गेला आहे. हवा मोजणारा सेन्सर पेट्रोलने धुवावा असे मित्र म्हणतात. (चिकोडी तालुक्यातील एक वाचक)

उत्तर : पेट्रोल नको, कापूस नको, कंप्रेसरची हवाही नको. आतली तापणारी तार किंवा पापुद्रा इतका नाजूक असतो की कापसाचा एक धागा पुरेसा होतो. या सेन्सरसाठी मिळणारा खास स्प्रे दुरून मारावा, बोट न लावता पंधरा-वीस मिनिटे वाळू द्यावा आणि मगच कनेक्टर जोडावा. पण त्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. एअर फिल्टर उन्हासमोर धरावा. उजेड आरपार दिसत नसेल तर तो बदलावा. आणि टर्बोपासून इंजिनाकडे जाणारा जाड रबरी पाइप हाताने दाबून, वाकवून पाहावा. त्याला खालच्या बाजूने चीर गेलेली असते, भोवती ऑइलचा ओलसर डाग असतो आणि गाडी ओढ घेताना ‘सुस्स’ असा आवाज येतो. चीर सापडली तर पाइप बदलावा. सेन्सरला हात लावण्याची गरज बहुधा उरणार नाही.